शिवणाच्या मशीनवर घेतलेली नाव

बाबांना एकदा नावेतून फिरवून आणायचं, हे माझ्याच तोंडून निघालं, जेवताना, आणि तेव्हाच कुणीतरी माझ्या तोंडात बोळा कोंबायला हवा होता. मालवणच्या बाजूला ज्यांनी चाळीस वर्षं तांडेल म्हणून गलबतं हाकली, ते माझे वडील आई गेल्यानंतर पिंपरीला माझ्या दोन खोल्यांत येऊन राहिले होते. मी इथल्या औषधांच्या कारखान्यात कारकून. रोज संध्याकाळी ते पवनेच्या काठावर जाऊन बसत आणि परत येऊन एकच वाक्य बोलत, "ह्यो व्हाळ रे, नदी खंयची." म्हणजे हा ओढा आहे, नदी कसली. बाकी दिवसभर मुके. त्या मुकेपणाचा मला धसका बसला होता.

कुणीतरी सांगितलं की इंद्रायणीवर चऱ्होलीला माणसं पलीकडे नेणारी तर चालते, ती नाव दिवसभरासाठी भाड्याने मिळेल, आणि दसऱ्यानंतर पाणी भरपूर असलं तर थेट तुळापूरच्या संगमापर्यंत जाता येतं. जाणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो. पिंपरीहून भोसरीपर्यंत सायकल बरी चालते, पुढे दिघीपासून रस्ता म्हणजे नुसता खडीचा ढीग. आळंदीला एस.टी. जाते, पण तिथून चऱ्होलीला पायीच. वाटेत दिघीला एक जण गरम भजी तळतो, दोन आण्यांत पोट भरतं. एवढी एकच चांगली गोष्ट मला या प्रवासाबद्दल सांगता येईल.

नाव महादू नावाड्याची. पन्नाशीचा माणूस, शब्द जपून वापरणारा. नदीच्या अलीकडे एक चऱ्होली, पलीकडे दुसरी, आणि दोन्हींमधली ये-जा या एका नावेवर. पलीकडच्या बायका दळणही याच नावेतून आणत. भाडं ठरलं पाच रुपये. मी अनामत म्हणून वीस रुपये पुढे केले, तर त्याने नोटांकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्या घाटावरची रीतच वेगळी होती. कमावत्या वस्तूला कमावती वस्तू. नाव दिवसभर नेणारा आपल्या घरातली अशी चीज ठेवतो, जिच्यावर त्याचं घर खातं. शेतकरी बैल बांधून जातो, लोहार भाता ठेवतो. महादू म्हणाला, "पैसं काय, आज हायती, उद्या न्हाईत. तुमच्या घरात कमावतं काय हाय?"

मी विचार करू लागलो. मी कमावतो, पण मला खुंटीला टांगून ठेवता येत नव्हतं. घरात कमावणारी दुसरी वस्तू एकच, माझ्या बायकोचं, सुलोचनाचं, शिवणाचं मशीन. हाताने फिरवायचं. स्वतःच्या पाटल्या मोडून तिने ते घेतलेलं. पिंपरी कॅम्पातल्या एका कापडवाल्याचे परकर आणि झबली ती शिवायची, आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमची चूल त्यावर पेटायची. दिवाळीचं काम नुकतंच आलं होतं.

तिला मी एकटीला गाठून विचारायला हवं होतं. मी विचारलं बाबांच्या समोर. नावेचं नाव काढल्याबरोबर बाबा ताठ बसले होते, डोळे असे की बघवेना. सुलोचनाने त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, एक दिवसाचा तर प्रश्न आहे, न्या. सासऱ्यासमोर दुसरं काय म्हणणार होती बिचारी? मला ते कळत होतं आणि तरी मी न कळल्यासारखं केलं. शनिवारी मशीन सायकलच्या कॅरिअरला सुतळीने बांधून चऱ्होलीला पोचवलं. महादूच्या सुनेने ते देवाच्या कोनाड्याखाली घोंगडीवर ठेवलं आणि हळद-कुंकू लावलं. मला तेव्हा गंमत वाटली.

आता विम्याचं. इथे माझी अक्कल पाजळली. कारखान्यात राहून राहून माझा एक समज झाला होता की छापील कागद असला की माणूस सुरक्षित. म्हणून मी एका विमा एजंटाला गाठलं, देशपांडे नावाचे गृहस्थ. नावेचा एक दिवसाचा विमा म्हटल्यावर ते आधी हसले, मग मालवाहतुकीचा एक छापील अर्ज काढून त्यातच खाडाखोड करून दिली. हप्ता सव्वातीन रुपये. अर्जात एक रकाना होता, नावेत किती माणसं. मी लिहिलं, तीन. मी, सुलोचना, बाबा. वळणदार अक्षरात लिहिलं, वर शाईही टिपून घेतली.

रविवारी सकाळी आम्ही घाटावर. पाणी काठोकाठ, ऊन कोवळं, सुलोचनाने बाजरीच्या भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आणलेली. महादू वल्हं घेऊन नावेत चढला, तसा मी त्याला थांबवलं. म्हटलं, तुम्ही नको, कागदावर तीनच माणसं आहेत, चौथा चढला तर विमा रद्द होईल. आणि माझे वडील तांडेल आहेत, तुमच्या नावेला ओरखडा येणार नाही.

महादूने कागद हातात घेऊन उलटसुलट केला. त्याला वाचता येत नव्हतं. त्याच्या हिशेबाने नावेचा माणूस नावेत असणं हाच विमा, आणि ते त्याने दोनदा सांगितलं. मी ऐकेना, तसा तो म्हणाला, "कागदाला पोहता येतं का, साहेब?"

बाबाही मध्ये पडले. "परक्या पाण्यात थंयचो माणूस व्हयो," असं ते म्हणाले, म्हणजे अनोळखी पाण्यावर तिथलाच माणूस बरोबर हवा. चाळीस वर्षांचा तांडेल सांगत होता. पण मी त्यांनाही कागद दाखवला. वडिलांना मी काय काय दाखवलं नाही आयुष्यात, पण तो कागद दाखवल्याची लाज अजून जात नाही. महादू खाली उतरला. जाताना बाबांना हाताने प्रवाहाची दिशा दाखवून त्याने काहीतरी समजावलं. बाबांना त्याची बोली नीट कळली नाही, आणि मला वाटलं, म्हातारे बोलताहेत, बोलू देत.

पहिला तास मात्र सोन्यासारखा गेला, हे कबूल करतो. बाबा मागच्या वल्ह्यावर बसले आणि दहा वर्षांनी तरुण झाले. बोलायला लागले. वादळात शीड कसं उतरवायचं, चांदण्यात खडक कसा ओळखायचा, आईला पहिल्यांदा गलबतावर नेलं तेव्हा ती कशी रडली. सुलोचना लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांच्यासमोर मोकळी हसली. काठावर हिरवी ज्वारी, बगळे, कुठे धुणं धुणाऱ्या बाया. मी मनात म्हटलं, राव, जमलं.

मरकळच्या अलीकडे नदी दोन भागांत वाहते. डावीकडे पाणी खळखळत, फेस काढत जात होतं. उजवीकडे आरशासारखं शांत. बाबांनी नाव शांत पाण्याकडे घातली. मी असतो तरी तेच केलं असतं. आम्ही समुद्राची माणसं. समुद्रात फेस म्हणजे खाली खडक आणि शांत पाणी म्हणजे खोल पाणी, हे आम्हाला दुधाबरोबर पाजलेलं असतं. नदीत ते उलटं असतं, हे आम्हाला कोण सांगणार? सांगणारा घाटावर उभा होता. त्या शांत पाण्याखाली जुना दगडी बंधारा होता, वीतभर पाण्याखाली. बंधाऱ्याने अडवलं होतं म्हणून तर पाणी शांत होतं.

नाव चढली आणि अडकली. मागून प्रवाहाने तिला आडवी फिरवली, आणि तळाचं लाकूड मोडल्याचा आवाज आला. कंबरभर पाण्यातून आम्ही काठाला लागलो. कुणाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. आमच्या डोळ्यांसमोर तळाची एकेक फळी सुटून बंधाऱ्यावरून खाली गेली. बाबांच्या हातात वल्हं तसंच होतं. ते सोडा म्हटलं तर सोडेनात.

ओल्या कपड्यांनी शेतांच्या बांधावरून चालत चऱ्होलीला पोचायला दुपार टळली. भाकऱ्या भिजून लगदा झालेल्या. महादू घाटावरच होता. आम्हाला पायी येताना पाहूनच तो समजला. त्याने आधी बाबांना विचारलं की लागलं-बिगलं नाही ना, आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. चहा झाल्यावर म्हणाला, "मशीन ऱ्हाऊ द्या आता."

सुलोचनाने होकारार्थी मान डोलावली. मशीनकडे एकदा पाहिलं आणि पदर पिळत बाहेर आली.

पुढच्या शनिवारी मी रजा टाकून महादूबरोबर चाकणला गेलो. बाजाराचा दिवस, कांद्याच्या गाड्यांनी रस्ता अडलेला, चालायला जागा नाही. महादूची नाव बांधणारा सुतार तिथला. तो आधी बंधाऱ्यावर जाऊन आला होता. म्हणाला, तळच गेला, आता डागडुजी नाही, नवीच बांधावी लागेल, आणि त्याने जो आकडा सांगितला तो माझ्या आठ महिन्यांच्या पगाराएवढा. वळचणीला एक अर्धवट बांधलेली बैलगाडी होती, महादू तिच्या चाकावर हात फिरवत राहिला. मी म्हटलं, विमा आहे, काळजी करू नका. माझा अजून त्या कागदावर विश्वास होता, इतका मी मूर्ख.

सोमवारी देशपांड्यांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून सगळं ऐकून घेतलं आणि कागदाच्या मागच्या बाजूला बोट ठेवलं. नाव तिच्या नेहमीच्या नावाड्याच्या ताब्यात असली पाहिजे, नाहीतर भरपाई नाही. मी म्हटलं, पण माणसं तीनच लिहिली होती, नावाडी धरला तर चार झाले असते.

त्यांनी चष्मा काढून ठेवला. "अहो, नावाडी माणसांत मोजायचा नसतो. तो रकाना प्रवाशांचा."

बाहेर रस्त्यावर येऊन मी तो कागद पुन्हा उघडला. तीन. वळणदार अक्षरात लिहिलेलं तीन. त्या एका आकड्यासाठी मी नदी जाणणाऱ्या माणसाला काठावर उतरवलं होतं.

बाबा आता पवनेकडे जात नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून असतात, जेवा म्हटलं की जेवतात. नावेबद्दल मी बोलायला गेलो तर म्हणाले, चूक त्यांची, वल्हं त्यांच्या हातात होतं. मी कितीदा सांगितलं, चूक माझी. ते ऐकत नाहीत. पलीकडच्या चऱ्होलीच्या बायका दळणासाठी आळंदीवरून वळसा घालतात, असं ऐकलं. महादू दुसऱ्याच्या शेतावर रोजाने जातो. कॅम्पातल्या कापडवाल्याने दिवाळीचं काम दुसरीकडे दिलं. मी दर महिन्याला पाच रुपये महादूकडे नेऊन देतो, आणि तो ते घेतो. या वेगाने नाव व्हायची तर मी म्हातारा होईन.

सुलोचना मात्र दर रविवारी चऱ्होलीला जायला लागली. आधी म्हणाली, मशीन न वापरता पडलं तर गंजेल, तेल घालून येते. तेलाची कुपी पिशवीत टाकायची आणि सकाळच्या एस.टी.ने निघायची. मला वाटलं, जीव अडकलाय तिचा, जाऊ दे. चौथ्या रविवारी मीही बरोबर गेलो. दारातून पाहिलं तर ती महादूच्या सुनेशेजारी बसली होती, सुनेचा हात मशीनच्या मुठीवर, आणि ही कापड पुढे सरकवून दाखवत होती, टीप वाकडी जाते तिथे बोट कसं ठेवायचं ते. पलीकडच्या गावातल्या कुणाचा तरी परकर होता. सुनेला त्याचे चार आणे मिळणार होते. महादू ओसरीवर बसून आतला आवाज ऐकत होता.

येताना तिला काही विचारायची माझी हिंमत झाली नाही. काल पाचवा रविवार. सकाळी मी एस.टी.ची वेळ सांगितली, तर ती म्हणाली, "आता नको. तिला नीट येतं."

मी आमच्या घरातल्या कोनाड्यात पाहिलं, जिथे ती कुपी ठेवायची. तेलाची कुपी तिथे नव्हती, ती मागच्या रविवारीच तिकडे ठेवून आली होती.