ज्याने भंडारा उचलला नाही

पोलिसातल्या नोकरीतली एक साधी चोरी अजून डोक्यातून जात नाही, आणि राग चोराचा येत नाही, स्वतःचाच येतो.

कडेगाव तालुक्यातल्या एका गावात सामायिक विहिरीवरची मोटर गेली. दुसऱ्या दिवशी ठाण्यात गावातून एकाचा फोन. "सायब, देवळात समद्यांनी देवाचा भंडारा उचलून शपथ घेतली. हिरीचं पाणी सोडणाऱ्यानं तेवढी न्हाई घेतली. आनी काय पायजे?"

मलाही आणखी काही नको होतं. खोटारडा शपथेला घाबरतो, हे लहानपणी वडिलांकडून ऐकलेलं. कधी तपासून पाहिलं होतं का? छे. शिवाय मोटरीच्या खोलीची किल्लीही त्याच्याकडेच. चौकशीला बोलावला.

दोन दिवस विचारून हवालदार कंटाळले. 'मी न्हाई नेली' यापलीकडे गडी बोलेना. गावाने त्याचं काम काढून घेतलेलं, इकडे मी अटकेचे कागद तयार करायला सांगितलेले, तरी हा ढिम्म. शेवटी माझं डोकं फिरलं. "अरे, नेली नाहीस, तर भंडारा उचलायला काय झालं होतं?"

"सायब, नुसतं 'मी नेली न्हाई' म्हनायचं आसतं तर कवाच उचलला आसता. 'कुनी नेली ते ठाव न्हाई' ह्ये बी म्हनाय लावत हुते."

मी कपाळावर हात मारला. त्याला चोर ठाऊक होता, आणि त्यापायी तो स्वतः आत जायला तयार होता. नाव काही सांगेना. माणूस एवढा गप्प बसतो तो घरच्यासाठीच. मी त्या फोनवाल्याला विचारलं, सगळ्यात आधी भंडारा कुणी उचलला?

"त्येच्या धाकट्या भावानं की. लय रोखठोक गडी."

त्या रोखठोक गड्याच्या उसात, पाचटाखाली मोटर सापडली.

सोडताना पाणी सोडणाऱ्याने आभार मानले नाहीत. "भाऊ आत गेला. आता गाव म्हननार, ह्येनंच दावलं."

गावावर चिडू तरी कोणत्या तोंडाने? मी कुणावर हात उचलत नसे, म्हणून स्वतःला न्यायी समजत होतो. पण तो न्याय उभा होता एका ऐकीव समजुतीवर. जो शपथ खरी मानतो तोच तिच्यापाशी अडतो, हे मला सुचलंच नाही.

पुढच्याच महिन्यात दुसऱ्या एका खटल्यात साक्षीला उभा राहिलो. आजवर असंख्य वेळा घेतलेली शपथ त्या दिवशी म्हणताना मी क्षणभर अडखळलो. आरोपीच्या वकिलाने लगेच मान वर केली. त्याला वाटलं, साहेब सापडले.