पिलसून मावशीचा कोपरा

कोरियातल्या वोंजू शहराच्या थंडीत पिलसून मावशीची खाऊची गाडी लागली की थांब्यावरची माणसं आलेली बस सोडून देतात. साच्यातून निघालेला माशाच्या आकाराचा गरम पाव, पोटात लाल चवळीचं पुरण, नाहीतर काडीला टोचलेली माशाची वडी. वर कागदी पेल्यात मुळ्याचा रस्सा, हवा तेवढा, फुकट. बारा हिवाळे हेच चाललंय. आणि बारा हिवाळे कुणीतरी मेला पालिकेत तक्रार करतोय.

तक्रार निनावी. पालिकेचा माणूस, ग्वाक, येतो, नाक लाल, मान खाली. "मावशी, गाडी हलवा. माझा नाइलाज आहे." मग तिथंच उभा राहून तीन पाव हाणतो. पिलसून दहा पावलं सरकते, आठवड्याने परत येते. यंदा मात्र तो काही न खाताच म्हणाला, "आता पुन्हा तक्रार आली तर गाडीच उचलतील."

पिलसूनचं डोकं फिरलं. नवरा गेल्यापासून घर याच गाडीवर चाललेलं. रांगेतल्या प्रत्येकाकडे ती संशयाने बघू लागली. तिसऱ्यांदा रस्सा मागणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरांना म्हणाली, "प्या, प्या. पिऊन झालं की जा तक्रार करायला." मास्तर बिचारे पेला ठेवून निघून गेले. गिऱ्हाईक तुटलं, संताप होता तिथंच राहिला.

पीठ भिजवायला पाणी ती गाडीमागच्या, ग्योंगएच्या खाणावळीतून आणायची, आणि रोजचं गाऱ्हाणंही तिच्याकडेच. त्या सकाळी बादली नळाखाली लावून तिने सुरुवात केली, "हात झडोत मेल्याचे. सापडू दे एकदा."

कांद्याची पात चिरणाऱ्या ग्योंगएने सुरी खाली ठेवली. "ताई, मीच करते."

"काय करतेस?"

"तक्रार. दर हिवाळ्यात. तुझी रांग माझ्या दारात येते, आत चिटपाखरू फिरकत नाही. भाडं भरून मी बसलेय आणि तू रस्सा फुकट वाटतेस. तोंडावर कसं सांगू? ताई म्हणते ना तुला."

"आणि बारा वर्षं माझं ऐकून घेतलंस?"

"ऐकलं. पाणीही दिलं."

इतकी वर्षं घोकलेल्या शिव्यांतली एकही पिलसूनला आठवेना. बाहेर गिऱ्हाईकं हात चोळत उभी होती, खाणावळीचं दार अडवून. हे तिने आज पहिल्यांदा पाहिलं.

"ग्वाक येऊन गेल्यावर परत केलीस?"

"अजून नाही. आज जाणार होते."

"नको ना जाऊस," पिलसून म्हणाली. आवाज इतका लाचार निघाला की तिला स्वतःचीच चीड आली.