नागक्काची पाळी

परवा करडईच्या तेलाचा डबा उघडला आणि त्या वासासरशी मी हुलसूरला, गावानं शेअर घेऊन उभारलेल्या नव्या तेलघाण्यापाशी पोचलो. उद्घाटनाला आलेले सरकारी साहेब समतेवर भाषण करून नुकतेच गेले होते. बोलले ते गावातल्या एकुलत्या एका खुर्चीत बसून.

रांगेत पहिली नागक्का. लवकर तेल निघालं तरच तिला बाजार गाठता येणार होता. तेवढ्यात पोती घेऊन पाटील आले.

"सरक की अक्का," त्यांचा गडी ओरडला.

"कामून?" घाणा चालवणारे अप्पा म्हणाले. "पाटलाचा शेअर हाय, तिचाबी हाय. ती आधी आलीय."

नागक्कानं करडई ओतली आणि वळून म्हणाली, "बसा की पाटील, लई येळ न्हाई लागायचा."

पाटील पोत्यावर बसले. तेव्हा मला नुसतं हसू आलं. आता कळतं, जिथं पाटलांनाही थांबावं लागेल, असं त्याआधी आमच्या कुणाच्या मालकीचं काही नव्हतंच.