फांद्या रोवणारीचे बूट

डोंगरावर ईस्टरच्या सुट्टीची गर्दी लोटायच्या आधी बर्फातल्या स्कीच्या वाटेवर खुणेसाठी बर्च झाडाच्या फांद्या रोवाव्या लागतात. धुकं उतरलं की त्या फांद्या बघत बघतच माणसं खोपीपर्यंत पोचतात. गुनवोर हे काम तरुणपणापासून फुकट करत आली होती. त्याचा तिला ताठा होता, आणि तो शोभतही होता.

मागच्या हिवाळ्यात तिचा घोटा मोडला. यंदा फांद्या रोवणाऱ्या तुकडीचा म्होरक्या तारजेई म्हणाला, "तू आता खोपीत बसून कॉफी कर. तिरप्या उतारावर पाय मुरगळला तर तुला उचलणार कोण?"

"उतार पार करून दाखवते. नाही जमलं तर जन्मभर कॉफीच करीन, मग तर झालं?"

घरी येऊन तिने स्कीचे जुने बूट पुढ्यात घेतले. चामडं फडक्यासारखं मऊ झालेलं. या दरीत असे बूट म्हणजे मुरलेल्या माणसाची खूण. ताठ बूट शहरी पाहुण्यांनी घालावेत. म्हणून घोटा डुगडुगला तरी कुणी ते टाकत नाही. निव्वळ वेडेपणा! गुनवोरनेही तो इतकी वर्षं केलाच होता.

स्वतः विणलेले जाड मोजे घेऊन ती नवे बूट बघायला दुकानात गेली. पहिला जोड सपातांइतका सुखाचा, पण हाताने पिळला तर सहज पिळला गेला. दुसऱ्याने घोटा घट्ट धरला. मात्र फांदी रोवायला गुडघा टेकावा लागतो, आणि त्यात पाय वाकेचना. तिने भर दुकानात टेकून पाहिलं.

"अहो, पडाल!" दुकानातली मुलगी धावली.

"पडले तर इथे पडू दे. तिथे नको."

तिसरा जोड उंच, जाड चामड्याचा; बाजूंनी ताठ, चवड्यापाशी वाकणारा. ती टेकली, उठली. घोटा जागचा हलला नाही. तिला रडूच आलं.

तुकडी फांद्या रोवायला निघाली त्या दिवशी उतारावरचा बर्फ कडक गोठला होता. पाठीवर फांद्यांचा भारा, नव्या बुटांनी सोलवटलेली टाच. दातओठ खात, स्कीची कड रुतवत ती पलीकडे पोचली आणि फांदी रोवली.

मागे धप्पकन आवाज झाला. तिच्या मागून येणाऱ्या तारजेईचा पाय त्याच्या जुन्या मऊ बुटात कलंडला होता आणि तो भाऱ्यासकट खाली घसरून बसला होता. गुनवोर परत फिरली, काठी पुढे करून तिने त्याला वर ओढलं.

तारजेईने अंगावरचा बर्फ झटकला. मग स्वतःचा भारा तिच्याकडे दिला.

"पुढे तू हो," तो म्हणाला. "कॉफीचं मी बघतो."