वैरापोटी पाळलेला ससा

केसरने ससा घरात घेतला तो जावेवरच्या रागाने. ती स्वतःच तसं सांगते आणि त्यात लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटत नाही.

मुरुडच्या आमच्या कोळीवाड्यात, समुद्राकडे तोंड केलेलं त्यांचं घर. अर्ध्यात केसर राहते, अर्ध्यात तिचा धाकटा दीर दिपेश आणि त्याची बायको मृणाली. मध्ये भिंत आहे, पण अंगण एकच. केसरचा नवरा शिवदास होता तोवर त्या अंगणात बांबूच्या वलांड्या उभ्या असायच्या आणि त्यांवर बोंबील वाळायचे. शिवदास छातीच्या दुखण्याने गेला. मूलबाळ नव्हतं. वर्ष सरायच्या आत मृणालीने आपल्या बाजूला पाहुण्यांसाठी खोल्या बांधायला काढल्या. ती उरणकडची, बापाचा ट्रकचा धंदा, हिशेबाला पक्की. खोल्या झाल्या, पुण्या-मुंबईची माणसं येऊ लागली आणि त्यांना बोंबलाचा वास सोसेना. एका सकाळी केसर बंदरावर लिलावाला गेली असताना दिपेशने वलांड्या उपटल्या आणि माडाखाली रचून ठेवल्या.

केसर टोपली घेऊन परत आली, तिने बघितलं आणि तोंड सोडलं ते दुपारपर्यंत आवरलं नाही. त्या दिवसापासून दोन्ही घरांत सरळ बोलणं असं उरलंच नाही. केसर सकाळी आपल्या दारापुढचा कचरा भिंतीपलीकडे लोटायची, मृणाली पाहुण्यांच्या गाड्या बरोबर केसरच्या दारासमोर लावायला सांगायची.

ससा मृणालीनेच आणलेला. पाहुण्यांच्या पोरांना खेळायला, फोटो काढायला. बदामाच्या झाडाखाली त्याचा पिंजरा असे. येणारं प्रत्येक पोर त्याला काहीतरी भरवायचं. बिस्कीट, पाव, केळ्याचे वेफर. पांढराशुभ्र, गुबगुबीत ससा, सगळे त्याला स्नोई म्हणायचे. मग एकदा त्याने खाणंच सोडलं. पाठीला कुबड काढून तो कोपऱ्यात बसून राहिला, डोळे अर्धे मिटलेले, दात करकरत. पाहुणे विचारू लागले, याला काय झालंय? मृणालीला ते परवडणारं नव्हतं.

केसर अंगणात मासे धूत बसली होती. दिपेश पिंजरा उचलून निघाला.

"कुठं नेतोस त्याला?"

"वाडीत सोडतो. तुला काय करायचंय, वहिनी?"

"कुत्री फाडतील."

मृणाली दारात उभी होती. "मग तुम्हीच पाळा ना," ती म्हणाली. "नाहीतरी तुमच्याकडे येतं कोण?"

केसर उठली. ओल्या, खवल्यांनी भरलेल्या हातांनी तिने दिपेशच्या हातातला पिंजरा ओढून घेतला. "पालते. आन् तुझ्या डोल्यासमोर जगवून दाखवते," ती म्हणाली आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं.

आत गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की सशाबद्दल आपल्याला काहीएक माहीत नाही. तिने त्याला उचलायला हात घातला तर त्याने अंगठ्याला कडाडून चावा घेतला.

"मेल्या!" केसर ओरडली. पुढे तेच त्याचं नाव पडलं.

गावातले गुरांचे डॉक्टर भला माणूस. त्यांनी सशाचं पोट चाचपलं, कानाला नळी लावून ऐकलं. "आतडं थांबलंय याचं," ते म्हणाले. "सशाला उलटी होत नाही, बाई. खाणं थांबलं की पोट थांबतं, वायू धरतो आणि त्या कळेने तो आणखी खात नाही. अशात दोन दिवस वाट बघत बसलं तर जनावर हातचं जातं." मग त्यांनी सरळ सांगून टाकलं, "मी म्हशी-शेळ्या बघणारा. सशाचं मला पुरतं कळत नाही." त्यांनी पनवेलला ससे बघणाऱ्या एका डॉक्टर बाईंना फोन लावला, त्यांना विचारून दुखणं थांबायची सुई दिली, कातडीखाली सलाईन सोडलं. संध्याकाळी मेल्याने चार बारक्या लेंड्या टाकल्या. केसरने त्या पहिल्यांदा बघितल्या तेव्हा तिला झाडून टाकायच्या होत्या. नंतर तिला कळलं, सशाचं सगळं दुखणं तिथेच वाचायचं असतं.

मेल्या त्या खेपेला वाचला, पण बरा झाला नाही. काही दिवस नीट खायचा आणि मग पुन्हा कुबड, पुन्हा दात करकरणं. केसरचं जगणं त्याच्या पोटाभोवती फिरू लागलं. पाव-बिस्किटं बंद. आगरदांड्याच्या वाटेवरच्या एका शेतकऱ्याकडून ती सुक्या गवताचे भारे आणायची आणि घरात बोंबलाशेजारी रचायची. सकाळी उठल्यावर चहाच्या आधी ती लेंड्या बघायची. मोठ्या, गोल, कोरड्या असल्या तर बंदरावर जायची. बारक्या असल्या, केसांनी माळेसारख्या जोडलेल्या असल्या, तर जायची नाही. मग मेल्याला फडक्यात गुंडाळून मांडीवर दाबायचं, सुई नसलेल्या सिरिंजने दुखण्याचं औषध गालातून सोडायचं, डॉक्टरांनी दिलेली भुकटी कोमट पाण्यात कालवून थोडी थोडी भरवायची. मेल्या लाथा मारायचा, नखांनी हात ओरबाडायचा, अर्धं औषध तिच्या पदरावर थुंकायचा. तिने एवढं केलं म्हणून तो कधी तिच्याजवळ येऊन बसला नाही. ती खोलीत आली की तो पाठ फिरवायचा. केसरही त्याला शिव्या दिल्याशिवाय औषध पाजत नसे.

बाजारात वेणूबाई तिच्या शेजारी बसते. ती म्हणाली, "अगो, कोंबडी पाललीस तर अंडी तरी देल. ह्यो काय देतो तुला?"

"वरखडे," केसर म्हणाली आणि हात पुढे करून दाखवले.

हे सगळं चाललेलं मृणालीला भिंतीपलीकडून कळत होतं. तिला वाटलं होतं ससा आठवड्यात मरेल. तो जगला, वर पाहुणे विचारू लागले, इथे ससा होता ना? मग तिने सांगायला सुरुवात केली, "बाजूला आहे, खिडकीतून बघून या."

मार्गशीर्ष संपून सुट्ट्यांची गर्दी सुरू झाली होती. केसर बाजारातून परत आली तर खिडकीच्या गजाखाली बिस्किटांचा चुरा, वेफरच्या पिशव्या, अर्धं खाल्लेलं केळं. दुसऱ्या दिवशी सकाळी मेल्या आडवा पडलेला. पोट ढोलासारखं ताणलेलं, कान गार.

केसरने आधी त्याला औषध पाजलं, डॉक्टरांना फोन केला. मग मासे धुतलेल्या पाण्याची बादली उचलली. पलीकडे पडवीत पाहुणे घावणे खात बसले होते. केसरने ती बादली पडवीत ओतली. खवले, रक्त, आतडी सगळं टेबलाखालून, चपलांवरून वाहत गेलं. बायका किंचाळत खुर्च्यांवर चढल्या.

"कुनी भरवलं त्याला?" केसर विचारत होती. "कुनाच्या पोरानं भरवलं?"

दिपेश हात उगारून धावत आला. "वहिनी, लाज वाटते का तुला? पोलिसात देतो तुला!"

"दे की! आदी माज्या वलांड्या कुनी मोडल्या ते पन सांग त्यांना. हात लाव, बघू."

तिच्या हातात मासे कापायची कोयती होती, पाहुण्यांनी ती नंतर बघितली. एक कुटुंब नाश्ता अर्धा टाकून सामान बांधायला गेलं. दिपेश हात खाली करून तिथेच उभा राहिला. तेवढ्यात गुरांचे डॉक्टर फटफटीवरून आले, मेल्याला बघून म्हणाले, "इथे माझ्याने होणार नाही. आज पनवेल गाठा. एसटीने अलिबागला उतरून बदलत बसलात तर पोचेपर्यंत उशीर होईल."

केसर पिशवी भरू लागली. गाडी तिच्याकडे नव्हती आणि कोणाकडे मागायची तिची तयारीही नव्हती. बाहेर इंजिनाचा आवाज झाला. मृणाली आपल्या गाडीत बसली होती. दार उघडून तिने समोर बघतच म्हटलं, "बसा."

केसर थांबली.

"बसा म्हणते ना. पिंजरा मागे ठेवा, सीटवर कागद घातलाय."

काशीद गेलं, रेवदंडा गेलं, अलिबाग मागे पडलं. केसर मांडीवर पिंजरा घेऊन बसली होती, मागे ठेवायचा हुकूम तिने मानला नव्हता. वडखळजवळ ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली तेव्हा मृणाली म्हणाली, "ते मेलं तर तुम्ही जन्मभर माझ्या नावाने ओरडाल. मला ते नकोय. म्हणून आणलंय."

"ओरडनार हायच," केसर म्हणाली.

पनवेलच्या डॉक्टर अमिषा तरुण होत्या. त्यांनी आधी पोटाचं बघितलं, एक्स-रे काढला, कळ थांबवली. मग मेल्या थोडा निवल्यावर तोंडात दिव्याची नळी घालून मागच्या दाढा बघितल्या आणि केसरला जवळ बोलावलं. दाढांना काट्यासारखी टोकं आली होती, त्यांनी जीभ कापली गेली होती, गाल सोलला होता.

"सशाचे दात जन्मभर वाढतात," त्या म्हणाल्या. "गवत चावून ते झिजायला हवेत. हा लहानपणी पाव-बिस्किटांवर वाढला, दाढा वाकड्या झाल्या. आता गवत चावताना याला टोचतं, म्हणून खाणं सोडतो, म्हणून पोट थांबतं. कालच्या गोड खाण्याने वायू झाला तो वेगळाच."

"बरा कदी व्हईल?"

"बरा होणार नाही, मावशी. दाढा भूल देऊन घासून देते, पण त्या पुन्हा वाढतील, पुन्हा आणावं लागेल. पोट मधूनमधून धरेलच. लवकर ओळखलंत तर सांभाळता येईल. तुम्ही ओळखता आहातच, नाहीतर हा एवढा टिकला नसता."

मृणाली भिंतीला टेकून ऐकत होती. "म्हणजे हे कायमचंच?" तिने विचारलं.

"तो आहे तोवर."

मृणालीने केसरकडे बघितलं. ती काहीतरी बोलेल असं केसरला वाटलं. पण तिने फोन काढला आणि ती बाहेर गेली.

मेल्याला दवाखान्यात ठेवून दोघी परत आल्या. चारेक दिवसांनी केसर एसटीने जाऊन त्याला घेऊन आली. कंडक्टरने हरकत घेतली, केसरने त्यालाही ऐकवलं आणि पिंजरा घेऊन खिडकीशी बसली.

उपकार अंगावर ठेवणं तिला जमणारं नव्हतं. तिने सुक्या कोळंबीचे चांगले निवडलेले सोडे कागदात बांधले आणि सकाळी मृणालीच्या पायरीवर ठेवले. दुपारी ते पुडकं तिच्याच दारात परत आलेलं होतं, गाठसुद्धा न सोडलेलं. वेणूबाईला वाटलं केसर चिडेल. केसरने पुडकं उचललं, टोपलीत टाकलं आणि म्हणाली, "बरं झालं. सुटले."

पाहुण्यांना आता कुणी खिडकीकडे पाठवत नाही. मृणाली त्यांना सांगते, "तिकडे जाऊ नका, बाई डेंजर आहे." हे केसरने ऐकलंय आणि तिला ते आवडलंय. तिने आता खिडकीला जाळीही ठोकलीय. भांडण चालूच आहे. गेल्या शिमग्याला नळाच्या पाण्यावरून दोघींनी सगळी आळी गोळा केली होती. मेल्याला अजून मधूनच कळ येते, अजून तो पनवेलला जातो, अजून औषध थुंकतो. केसर नातेवाइकांच्या लग्नाला जाऊन राहत नाही, कारण सिरिंज धरायला दुसरं कुणी नाही आणि कुणाला ती धरूही देणार नाही.

परवा एक पाहुणी बाई तरीही आलीच. जाळीला मोबाइल टेकवून म्हणाली, "मावशी, किती प्रेम करता हो तुम्ही त्याच्यावर! दोन शब्द बोला ना."

केसरच्या मांडीवर मेल्या फडक्यात आवळलेला होता आणि तिच्या मनगटातून रक्त येत होतं. "तोंड उघड, मेल्या," ती सशाला म्हणाली आणि मग बाईला, "खिडकीतून बाजूला व्हा. उजेड अडतो."