काचेआडची तलवार

शाळेतून रिटायर झाल्यावर घरात बसून कुणाचं डोकं खायचं, म्हणून मी कळंब्याच्या रस्त्यावरच्या एका लहानशा संग्रहालयात स्वयंसेवक झाले. पगार नाही, चहा मिळतो. तिथूनच आम्हा चौघींना जुन्या वस्तू जपायच्या कशा, याच्या चार दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. परत आले ती डोक्यात हवा घेऊनच.

लोखंडाबद्दल तिथं दोन गोष्टी शिकवल्या होत्या. एक, उघड्या हातानं शिवायचं नाही, घामानं गंज चढतो. दुसरी, काचेच्या कपाटात ओल शोषणारे निळे खडे ठेवायचे आणि ते गुलाबी झाले की लगेच बदलायचे. पहिली पाळायला काहीच करावं लागत नाही. आमच्याकडं तेवढी एकच पाळली गेली.

त्याच जोमात मी माझ्या एका विद्यार्थिनीच्या सासऱ्यांच्या मागं लागले. चंदगडकडचे म्हातारे शेतकरी. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्यांची तलवार चुलीच्या वर, धुरात टांगलेली असायची. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, खाली काढायची, पुसायची, तेलाचं बोट फिरवायचं, पूजा करून परत वर. तिकडच्या पावसात चार महिने अंगावरचे कपडे वाळत नाहीत, पण त्या पात्यावर एक ठिपका नव्हता! आणि मी त्यांना म्हटलं, "मामा, धुरात कसली ठेवताय? आमच्याकडं द्या, नीट राहील."

त्यांनी तलवार खाली काढली, पुसली. मग म्हणाले, "बाई, तुमच्या शब्दावर देतोय. खंडेनवमीला येऊन तेलाचं बोट तेवढं लावून जाईन." मी हो म्हटलं.

पहिल्या खंडेनवमीला ते एसटीनं आले. पिशवीत खोबरेलाची बाटली, रुमालात झेंडू. त्या दिवशी कागलच्या एमआयडीसीत लेथला हार पडतो, आमच्या शिपायानं तर सायकललाही घातला होता. आणि मी मोठी शहाणी, म्हटलं, "आता हात लावायचा नाही मामा. नियम आहे."

"व्हय, तुमी शिकल्याली माणसं," म्हणत त्यांनी फूल काचेला टेकवलं आणि संध्याकाळच्या गाडीनं गेले. दिलेला शब्द मी त्याच दिवशी मोडला होता, पण तेव्हा मला तो प्रशिक्षणाचा विजय वाटला. काय म्हणायचं अशा अकलेला!

पुढच्या आषाढात खडे गुलाबी झाले. कपाट साहेबांच्या सहीशिवाय उघडायचं नाही, आणि साहेबांची बदली होऊन जागा रिकामी. कारकून म्हणाला, "किल्ली हाय की बाई, पर सही कुणाची घेऊ? उद्या काय हरवलं तर मी जाऊ व्हय घरी?" मी अर्जावर अर्ज केले. पालथ्या घड्यावर पाणी. रोज काचेला नाक लावून बघायचे. श्रावणात मुठीजवळ तांबूस ठिपका दिसला. मग दुसरा. नंतर सगळं पातंच खरबरीत झालं. कुलूप फोडावं असं कितीदा मनात आलं. फोडलं नाही. भित्री आहे मी, खरं सांगते.

दुसऱ्या खंडेनवमीला मामा आले. काचेशी वाकले, चष्मा पुसला, परत वाकले.

"ही आमचीच न्हवं बाई?"

मी मान हलवली.

"मग घरी न्हेऊ द्या की."

नोंद झालेली वस्तू परत मिळत नाही, हे मलाच सांगावं लागलं. त्यांनी शिवी हासडली असती तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त बाटली माझ्या हातात दिली. "कपाट उघडंल तवा तुमीच लावा. तुमचा हात चालत असंल."

माझाही चालत नाही, हे न सांगताच मी बाटली पिशवीत टाकली.

यंदा त्यांच्या सुनेचा फोन आला, मामा आता एसटीत चढू शकत नाहीत. तलवार कशी आहे, असं ते विचारतात म्हणे. मी म्हटलं, बरी आहे. नवीन स्वयंसेवकांना आता मीच शिकवते, त्याच कपाटापुढं उभी राहून. पहिला नियम, हात लावायचा नाही. पोरी वहीत लिहून घेतात. मामांची बाटली माझ्या घरी फळीवर आहे. तेल दर थंडीत थिजतं, उन्हाळ्यात पातळ होतं, आणि झाकण अजून मी उघडलेलं नाही.