दिराचा भागाकार

आमच्या धाकट्या दिराइतका भविष्य सांगायला उतावळा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात नसेल. शीळफाट्याला गाडी अडकली की पुढच्या ट्रकवाल्याचं तोंड बघून तो घरी पोचायची वेळ सांगतो. हळदीला मांडवात डोकावून मटण कितव्या पंगतीला संपणार तेही सांगतो, आणि स्वतः पहिल्या पंगतीला बसतो. अशा माणसाच्या यकृतातली कॅन्सरची गाठ ऑपरेशन करून काढली आणि "परत येईल का?" यावर डॉक्टर नुसतं म्हणाले, "लक्ष ठेवू." दीर कितीतरी दिवस धुमसत होता. मग त्याला कुठूनसं कळलं की साध्या रक्ततपासणीतल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींना दुसरीने भागलं की अंगातल्या दाहाचा, म्हणजे आतल्या सुजेचा, अंदाज येतो, आणि ते उत्तर चढं असेल तर गाठ परतण्याचा धोका जास्त मानतात. गडी हरखला. ज्यांना भागायचं त्या न्यूट्रोफिलना त्याने 'भांडखोर' म्हणायला सुरुवात केली, ज्यांनी भागायचं त्या लिम्फोसाइटना 'राखणदार'. मी माजिवड्याला गणिताच्या शिकवण्या घेते, त्यामुळे रिपोर्ट हातात पडला की लॅबच्या पायरीवरूनच मला फोन. "वयनी, भाग दे. त्या मोबाइलचा काय भरोसा नाय."

उत्तर उतरलं की तो आळीभर पेढे वाटायचा. खरं सांगायचं तर मलाही चटक लागली. फोन वाजला की समोरची मुलं, त्यांची समीकरणं, सगळं बाजूला ठेवून मी खडू उचलायची.

यंदा गणपतीनंतर उत्तर एकदम दुप्पट आलं. मी पुन्हा भागलं. तेच.

"चुकली असशील."

"नाही, भाऊजी."

पलीकडून त्याने दोन्ही आकडे पुन्हा एकदा वाचून दाखवले. मग म्हणाला, "आईला सांगू नको."

दुसऱ्या दिवशी मीच त्याला घेऊन डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "हा आकडा इशारा देतो, निकाल नाही. दाह कशानेही वाढतो. स्कॅन करू. ताप, खोकला, कुठे दुखतंय?" दीर ठामपणे नाही म्हणाला. पण बाहेर चहा पिताना तो बिस्किट एकाच बाजूने चघळत होता.

"भाऊजी, तोंड उघडा."

दाढ सुजून टम्म झाली होती. यकृत कापू दिलेला हा पुरुष दाताच्या डॉक्टरला घाबरून महिनाभर लवंग चावत बसला होता. "पोट कापताना झोपवतात, वयनी. हा जागेपणी तोंडात हात घालतो."

स्कॅन स्वच्छ आला. दाढ डोंबिवलीत काढली, मी त्याचे हात धरून बसले होते. पुढच्या रिपोर्टला उत्तर खाली आलं, तेव्हा तो ती दाढ खिशात घालून गावभर दाखवत फिरला. "हाच तो भांडखोर."

तपासण्या चालूच आहेत. परवाही फोन आला. मी भाग दिला, उत्तर सांगितलं, खडू खाली ठेवला.

"बाकी उरली काय, वयनी?"

"थोडी उरली."

"मग थांबू नको. भाग जातोय तवर जाऊ दे."

मी खडू पुन्हा उचलला.